तिरकी घ्यायची

आरसी बुकात पांढरी,
समोर उभी निळी.
पहिला फरक मी वहीत लिहून घेते.
हृषीकेश कुडले म्हणतो, रंग नाही मॅडम, रॅप आहे,
नखानं सुटतो.
मी नख लावत नाही.

वडगाव शेरीत, पिठाच्या बंद गिरणीमागे
दोन पत्र्यांच्या आडोशाला
बारा वर्षांची ऑक्टाव्हिया, आरएस,
आणि तिच्यावर एका माणसाचा सहा वर्षांचा हट्ट:
टर्बो मोठा, इंटरकूलर मोठा,
सायलेन्सर नावापुरता,
मागची सीट काढून तिथे लोखंडी पिंजरा,
क्लच असा, की नाशिक फाट्याच्या सिग्नलला डावी मांडी थरथरेल.
उंची चार बोटं कमी.

किती बीएचपी?
तो आकडा सांगतो.
मग जरा थांबून, कमी करून सांगतो.
या दुसऱ्या आकड्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसतो
हे मी लिहीत नाही.

बावीस वर्षं मी भोसरीत तपासणी खात्यात.
टेबलावर दोन टोकांचं गेज असतं.
एक टोक भोकात जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये.
एवढं झालं की माल पास.
तिसरं टोक नसतं.
'पण' मोजायचं गेज कुणी बनवत नाही.

आज पर्समध्ये कंपनीचा रंगमापक आहे,
न विचारता आणलेला.
बॉनेट, रॅप धरून दोनशे वीस मायक्रॉन.
दारं तेवढीच.
मागचा डावा कोपरा: सातशे ऐंशी.
इथे लांबी भरलीय, मी म्हणते.
तो तिकडे बघत नाही.
ताम्हिणी, म्हणतो. वळण चुकलं.
माझं. तिचं नाही.

इम्तियाज बागवान नाना पेठेतून आलेत, फी पंधराशे.
चार सिलिंडर, चार आकडे,
तीन एका वर्गातले
आणि तिसऱ्या नंबरचा नापास व्हायच्या बेतात.
बागवान हात पुसतात.
घेऊ नका, म्हणतात.
स्कूटरला किक मारताना म्हणतात,
आणि घेतलीत, तर दुसऱ्या कुणाकडे नेऊ नका.

विम्याचे आगाशे फोनवर:
हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत.
आणि विमा आहे, असं तुम्हीही समजू नका.

मग नगर रोड. रविवार, सकाळचे साडेसहा.
दुसरा गिअर, तीन हजारांच्या वर
काहीतरी आधी श्वास घेतं,
मग पाठ सीटला लागते
आणि माझ्या तोंडून एक शब्द निघतो
जो मी आजवर फक्त लेथवरच्या पोरांकडून ऐकलेला.
कुडले खिडकीबाहेर बघतो, सभ्यपणे.

परतताना गतिरोधक.
तिरकी घ्या, तो म्हणतो,
डावं चाक आधी. हां. आता उजवं. सावकाश.
पोट घासेल म्हणून आम्ही दोघंही पोट आत घेतो.
माझ्या घरापर्यंत असे सदतीस.
येताना मोजलेत.
येताना कशाला मोजले?

मूळचे पार्ट?
तो युरियाचं पोतं ओढत आणतो.
जुना टर्बो, स्प्रिंगा, आणि मागून
चादरीत गुंडाळलेली सीट.
प्रत्येकाला चिठ्ठी: तारीख, किलोमीटर.
हे कशाला जपलंस?
परत करायची वेळ आली तर.
कुणाला?
त्याला हे कधी सुचलेलं नसतं.

वर गॅलरीत त्याची बायको, आठवा महिना.
पिंजऱ्यात बाळाची सीट बसत नाही,
त्यानं टेप लावून पाहिलंय, दोनदा.
मोजलेलं मला पटतं.

साडेसात लाख. ठेव मोडावी लागेल.
वहीत डाव्या बाजूला अकरा ओळी,
उजवीकडे एकही नाही.
गुरुवारी कळवते, म्हणते
आणि रिक्षात बसते.

पहिल्याच गतिरोधकावर रिक्षा सरळ आदळते.
अहो, तिरकी घ्या की,
मी ओरडते.
रिक्षावाला आरशातून बघतो,
मी डावीकडे झुकलेली,
दोन्ही हात पुढे, काहीतरी धरल्यासारखे.