मधलं बटण

पेटी सिकंदराबादहून आली, पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमधून.
पूर्णेला उतरवली तेव्हा तिच्या जाळीला कोंबड्यांचा वास होता.
आधीचा मालक सायमन गार्ड, रविवारी चर्चमध्ये वाजवायचा.
आवाजाच्या बटणापाशी त्यानं नेलपॉलिशचा
एक लाल ठिपका दिलेला, चारवर.
मला वाटलं, म्हातारा भित्रा असंल.

मी सातवर वाजवायचो.
पंचविशीत कोण चारवर वाजवतं?

वसमत, जिंतूर, पालम, सोनपेठ,
पत्र्याचा मांडव, मागं जनरेटरची धडधड,
ढोलकीवर नामदेव पंडागळे, ऑक्टोपॅडवर त्याचा भाचा,
आणि माझी गिटार, जी फक्त माझ्या गुडघ्यांना ऐकू यायची.
खरंच, गुडघ्यांना. पेटी जमिनीवर, तिचं तोंड पोटऱ्यांकडं.
कान वर, उभ्या माणसाचे. त्यांना काहीच कळेना,
म्हणून अजून थोडं.
म्हणून अजून.
पुढच्या रांगेतली लेकरं कानांत बोटं घालायची,
मला वाटायचं, नाचायलीत.

साउंडवाला अफसर म्हणायचा,
“तुला मी मिक्सरवर शून्यात ठेवलंय,
तरी तूच ऐकू यायलास. कामून?”
मी हसायचो. कौतुक वाटायचं मला ते.

मग पालमला, एप्रिलात, रात्री नऊलाही मैदान तव्यासारखं,
निर्मलाबाईंच्या दुसऱ्या गाण्यात
मागून एक म्हातारी उठली.
खुर्च्यांच्या पाठी धरत धरत स्टेजपर्यंत आली.
“लेकरा, तुझी तार बाईच्या तोंडावर पडायलीय.
टमटमला शंभर रुपये देऊन आलेय मी,
शब्द ऐकाया.”
उत्तरासाठी थांबली नाही. तशीच परत गेली,
खुर्च्या धरत.

मध्यंतरात अफसरनं पेटी उचलली,
एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ठेवली,
पुढं अर्धी वीट सरकवून तिचं तोंड माझ्या कानाकडं वळवलं.
एकच सूर छेडला, आणि मीच दचकलो.
इतकं टोचतं?
इतके दिवस हे मी लोकांना देत होतो?

“हे खालचं बटण नामदेवचं घर. तिथं शिरू नको.
हे वरचं जरा जास्तच ठेव,
आता मैदान रिकामं आहे.
हजार माणसं म्हणजे हजार गोधड्या,
बसली की वरचा सूर पिऊन टाकतात.
आणि हे मधलं...”
मधल्या बटणावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं.
“बाई इथंच बसतात. तुझीबी बैठक इथंच.
सगळं काढलंस तर घरी गोड लागंल,
मैदानात सापडणार नाहीस.
सरक. उठू नको.”

सरक, उठू नको.

वीस मीटरची वायर लावून मी वाजवत वाजवत
मांडवाच्या टोकाशी गेलो, शेंगदाण्याच्या गाड्यापर्यंत.
बाई माइक तपासत होत्या, एक ओळ पुन्हा पुन्हा.
शब्द न शब्द पुडीत बांधून मिळावा तसा.
त्याच्या खाली कुठंतरी मी.
गाडेवाला म्हणाला, “हां. आता बरं हाय.”

तेव्हापासून करंगळी गिटारच्या बटणावरच असते.
कडवं सुरू झालं की आत,
कडवं संपलं की बाहेर, आठ मात्रा, तेवढ्या माझ्या,
तेवढ्यात मी सहावरही जातो, कोणी काही म्हणत नाही.
पुन्हा आत.
कधी व्होल्टेज पडतं, पेटीचा गळा बसतो,
कधी नामदेव तालात येतो आणि सगळंच वाढत जातं
लग्नातल्या भांडणासारखं,
मग कोणीतरी आधी खाली यावं लागतं.
बहुतेक वेळा मी येतो. रोज नाही.

म्हातारी पुन्हा दिसली नाही.
प्रत्येक गावात शेवटच्या रांगेत एक खुर्ची बघून ठेवतो.

लाल ठिपका परवा पार झिजला.
धाकटीला म्हटलं, तुझी बाटली दे जरा.
ती म्हणाली, “बाबा, हा गुलाबी हाय.”
म्हटलं, चालंल.
अंधारात दिसला म्हणजे झालं.