धोटा

इग्नात्सी तीन महिन्यांचं भाडं बुडवून अँटवर्पला गेला.
खोलीत ठेवून गेला एक काचेची टाकी,
अर्धं पोतं मीठ
आणि एक चिठ्ठी : झाकण घालू नका, उजेड अडतो.

आमच्या शहराचं नाव वूच. वूच म्हणजे होडी.
शहराच्या शिक्क्यावरसुद्धा होडी आहे.
समुद्र मात्र तीनशे किलोमीटरवर,
आणि नदी म्हणाल तर फरसबंदीच्या खालून जाते,
बंद गिरण्यांच्या पायाशी, तोंड लपवून.
तेव्हा समुद्र मीच करते, शनिवारी, बादलीत.
लिटरला पस्तीस ग्रॅम.
काकडीच्या लोणच्यातही इतकं मोजून मीठ
मी कधी घातलं नव्हतं.

मासा एकच होता. फायरफिश.
डोक्याकडे दुधी, शेपटीकडे निखारा,
पाठीवर एक लांब पांढरा काटा,
तो सारखा उभा करायचा, पाडायचा,
पलीकडच्या कुणाला खुणावल्यासारखा.

अकराव्या दिवशी टाकी रिकामी.
दगड उचलले. पंप उघडला.
खालच्या मजल्यावरची ओतिल्या, वय नऊ,
पोटावर झोपून बॅटरी मारत सुटली.
रेडिएटरमागे सापडला,
करकरीत वाळलेला, रंगासकट.
तळहातावर घेतला तर बटणाएवढाही भार नाही.

“बाहेर काय हवं होतं त्याला?”

काही नाही गं. दचकला असेल.
खालून ट्राम गेली असेल,
नाहीतर मीच दिवा फट्कन मालवला.
त्याच्या समुद्रात दचकलं की बिळात घुसायचं,
बीळ दूर असेल तर वर उडायचं,
आणि उडालं तरी खाली परत पाणीच असतं.
खाली फरशीही असू शकते
हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक असणार?

मला ठाऊक असायला हवं होतं.
सव्वीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई मी.
लाकडी धोटा, टोकांना पोलाद,
मिनिटाला दोनशेदा इकडून तिकडे,
दिसायचासुद्धा नाही, नुसती रेघ.
आणि कधी ताण्यात गाठ आली की
उडायचा.
हालिनाचा डावा डोळा असाच गेला.
मग कारखान्यानं मागांच्या टोकांना जाळ्या बसवल्या.
मग.

दुकानदार बोलेस्लाव म्हणाला, काच ठेवा वर, सोपं.
काच ठेवली तर पाणी तापतं, गुदमरतं,
आणि त्या पोराचा उजेडही अडतो.
मी गळाची पारदर्शक दोरी आणली,
खिडकीच्या डासजाळीची जुनी चौकट घेतली
आणि बसले विणायला.
बोटं विसरली नव्हती. डोळे विसरले होते.
घर अर्ध्या सेंटिमीटरचं, त्याहून मोठं एकही नाही.
ओतिल्या एकेका घरात काडेपेटीची काडी घालून बघायची
आणि शिक्षिकेसारखी मान हलवायची.
शेवटी तिनंच बोट ठेवलं :
“आजी, वायरीशेजारी फट आहे.”
होती. पेन्सिलीएवढी.
पेन्सिलीला पुरते ती माशाला पुरते.
उसवलं. पुन्हा विणलं.

आता दुसरा आहे. तसाच, जरा भित्रा.
दिवे मी टप्प्याटप्प्यानं घालवते,
स्वयंपाकघरातला पिवळा रात्रभर राहतो,
विजेचं बिल आलं की स्वतःवरच चिडते.
काही रात्री, झोप लागता लागता,
टप्.
मग पाण्याचा बारीक आवाज.
पूर्वी धोट्याचा असा आवाज आला
की अख्खं खातं श्वास धरायचं,
किंकाळी येते का ऐकत.
मी अजूनही धरते.

इग्नात्सीचं कार्ड आलं परवा, बंदराचं चित्र.
मागे एकच ओळ : मासा बरा आहे ना?
उत्तर लिहिलं : मासा दुसरा आहे.
झाकण आहे. उजेड पोचतो.
भाड्याचं लिहायला जागा होती.
तिथं ओतिल्यानं एक काटा काढला,
उभा, लांब,
तिकिटावरून वर गेलेला.