उघडा सौदा

बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावात
अकराशेला घेतलेला संगणक
समडोळीत आमच्या माजघरात रात्रभर घुमतोय.
पाठीवर अजून चिठ्ठी आहे: कॅश काउंटर दोन.

तयार सर्व्हर या म्हाताऱ्यावर चढेना,
म्हणून सोर्स कोड आणला, सोडला,
पोतं उसवावं तशा फायली पडद्यावर पसरल्या.
कुणी लिहिलं, कुणाची चूक कुणी दुरुस्त केली,
सगळं नावानिशी.
झाकलेलं काहीच नाही.

अण्णा हसले असते.
चाळीस वर्षं बाबगोंडा मगदूम यांनी
हळदीचे भाव रुमालाखाली केले.
वर तोंडानं पाव्हण्यारावळ्यांची चौकशी,
खाली बोटांत बोटं,
शेजारी टेकून उभ्या माणसालाही कळू नये
कितीला ठरलं.
मग कायदा आला, भाव मोठ्यानं पुकारू लागले,
खांद्यावरचा रुमाल तेवढा राहिला.
गेल्या दिवाळीत उजवं अंग गेलं, वाचा गेली.
रुमाल आहे.

कॉन्फिगर.
यंत्र विचारत जातं घरात काय आहे, काय नाही,
लग्नघरात वाण्याची यादी वाचावी तसं:
कंपायलर, आहे.
अमकी लायब्ररी, आहे.
तमकी, नाही.
एका ठिकाणी म्हणालं,
ही नाही, पण नसली तरी चालेल.
मी म्हटलं, चालेल.

मेक.
ओळींमागून ओळी, मधूनच इशारे,
जे वाचायचे नसतात असं सगळे सांगतात.
तीनला एका हेडर फाइलवर अडलं.
ती शोधेपर्यंत आई उठून बसली,
राजमती, झोप की गं आता.
साडेचारला मेक इन्स्टॉल,
आणि एक ओळ, की सर्व्हर ऐकतोय.
ऐकतोय, हाच शब्द होता.

यार्डात मुबारक तोलारानं
अडतीच्या खांबाला माइक सुतळीनं बांधला.
दहाला सौदे सुटले
आणि पोर्ट आठ हजारवरून
अख्खं मार्केट यार्ड अण्णांच्या खाटेपाशी आलं:
हमालांच्या शिव्या, काट्याची साखळी,
पुकारणाऱ्याचा घोगरा गळा.
अण्णांनी डोळे मिटले, ऐकलं,
आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आवाज तर स्वच्छ होता.
मुबारकला म्हटलं, माइकपुढं एक हळकुंड मोड.
मोडलं, म्हणाला.
इकडं नुसतं थप्प,
ओल्या वहीवर पेन्सिल पडावी तसं.

तेव्हा उलगडलं.
अण्णा माल डोळ्यांनी बघत नव्हते कधी.
हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे:
नीट वाळलेलं कट् बोलतं,
पोटात ओल असली तर कुरकुरतं.
तेवढंच नेमकं गाळलं गेलं होतं
माझ्या एका चालेलमध्ये.

मेक क्लीन.
ती लायब्ररी आधी बांधली, मग बाकीचं,
पुन्हा पहिल्या ओळीपासून.
आईनं या वेळी चहा आणला, बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, राजापुरीचा ढीग.
कट्.
अण्णांचा डावा हात उठला,
रुमाल ओढून माझ्या हातावर टाकला.
खाली बोटं चाचपडली, धरली, सोडली, पंजा दाबला.
लहानपणी खेळात शिकलेली भाषा,
अडखळत लावली मी:
पंधरा हजार.

पुकारा तेरा दोनशेवर रेंगाळत होता.
तेरा आठशेला माल गेला.
मी त्यांच्या बोटांत तो आकडा ठेवला, चुकतमाकत.
अण्णांनी हात सोडवून घेतला,
रुमाल झटकला, खांद्यावर टाकला.
एवढ्याला द्यायचा नाही.

पुढचा ढीग येईपर्यंत तसेच बसून राहिले,
मालधन्यासारखे, ताठ.

बफर कितीही कापला तरी
आठ सेकंदांचा उशीर राहतोच.
इथं बोट दाबलं जातं
तेव्हा तिथं पोती उचलून झालेली असतात.
कोडमध्ये ते लिहिलेलं आहे, कुणीही वाचावं.
अण्णांपासून तेवढं मी
रुमालाखाली ठेवलंय.