तिसरी तार

पडदा काळा. त्यावर पांढरी अक्षरं
इंग्रजीत, म्हणजे माझ्यासाठी मुंग्यांची रांग.
सेवेरीना वाचून दाखवते :
प्रोसेसरचा पंखा चालत नाही म्हणतंय.
आणि लगेच : काही नाही हो आजोबा,
एफ-वन दाबलं की पुढे जातं.

कधीपासून दाबतेयस?
ती बोटं मोडत बसते. ऑक्टोबरपासून.

एकतीस वर्षं ट्रॉलीबसच्या डेपोत काढली मी,
किशिनाउच्या थंडीत, हातमोजे न घालता,
हातमोज्याला स्क्रूचा आटा कळत नाही म्हणून.
'पुढे जातं' म्हणणारे ड्रायव्हर पुष्कळ पाहिले.
जातं पुढे. आणि मग नेमकं चढावावर थांबतं,
आत साठ माणसं, खाली बर्फ.

तर खोका आडवा घातला टेबलावर, चादर अंथरून.
बोलोन्याहून मिनीबसने आलाय हा,
चार सीमा ओलांडून,
कुणाच्या तरी शिवणयंत्राखाली दबून.
तिच्या आईने पाठवला.
तिथे ज्या म्हातारीला ती उचलते, न्हाऊ घालते,
तिच्या नातवाने नवा घेतला, म्हणून हा जुना आमचा.
सेवेरीना त्यावर रोज रात्री ड्रॅगन मारते.

आधी धूळ. दाढीच्या ब्रशने झाडली.
इटलीची धूळ आपल्यासारखीच निघाली,
उगीच काही वेगळं वाटलं होतं.
जाळीत मांजराचा एक पांढरा केस.
आमच्याकडे मांजर नाही.
तिने तो वहीत ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

मग पेस्ट. तिने डब्याच्या पैशातून आणलेली ट्यूब.
वाटाण्याएवढी, आजोबा, जास्त नको!
मी ऐकलं.
डेपोत असं कुणी सांगून पाहायला हवं होतं.

चालू केलं. त्याच मुंग्या.

मग मी लांब पेचकस काढला,
टोक पंख्याच्या बुडाला, मूठ कानामागच्या हाडाला.
बेअरिंग असंच ऐकतात, डोळे मिटून.
सेवेरीनाला आधी हसू आलं, मग तीही गप्प.
आवाज स्वच्छ. धाप नाही, खरखर नाही.
फिरतोय, पोरी. चांगला फिरतोय.
मग हे खोटं बोलतंय?
यंत्र खोटं बोलत नाही.
त्याला जेवढं कळवलं जातं तेवढंच बोलतं.

पंख्याला तीन तारा.
लाल तारेतून जेवण येतं, काळीतून परत जातं.
पिवळी फक्त कळवते : मिनिटाला किती फेऱ्या.
ती आतल्या आत तुटलेली, वरून धडधाकट.
फिरत होता बिचारा ऑक्टोबरपासून,
कुणाला सांगता येत नव्हतं एवढंच.

डाग मी द्यायचा, तार तिने धरायची, असं ठरलं.
माझा हात थरथरला. तिने पाहिलं.
वेल्डर मला दे, म्हणाली,
डाव्या हाताने खांदा का चोळताय?
जुनं आहे, म्हणालो. काही नाही.
(तिसऱ्या मजल्यावर हल्ली मी
पिशवीचा हात बदलायला म्हणून थांबतो.)
डाग तिनेच दिला. गोळा झाला थोडा, पण धरला.

मुंग्या गेल्या.
कोपऱ्यात आकडा : एक हजार एकशे चाळीस.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो, चहा निवेपर्यंत.
चाळीसचा बेचाळीस झाला. पुन्हा चाळीस.

रविवारी बोलोन्याहून फोन.
कशी आहेस, लुद्मिला?
ठीक, बाबा. तुम्ही?
मी तोंड उघडलं, 'ठीक' जिभेवर आलेलंच होतं,
तेवढ्यात सेवेरीनाने फोन ओढून घेतला.
ठीक नको, आई, म्हणाली.
आकडा सांग. किती तास झोपतेस?

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, हळू : चार.

फोन धरूनच ती माझ्याकडे वळली.
आता तुम्ही.