बिनकाठाचं कापड

गांधीनगरात, पेसूमलच्या दुकानात
आईनं टॉवेल गालाला लावला
आणि म्हणाली, ह्यो चावतोय.

चावणारच, मी म्हटलं.
तुझ्या अंगठ्याला भेगा किती!
केसाहून बारीक चिरलेले धागे आहेत,
जिथं फट दिसेल तिथं शिरतात.
धूळ अशीच उचलतात ते, पोटात घेतात,
रंगावरनं फरफटत नेत नाहीत.

अंगठा न्हवं रं. हितं.
तिनं कडेची शिवण दाखवली.
पक्का दोरा, वाळल्या काट्यासारखा ताठ.

पीक किती ह्याला? तिनं विचारलं.
पेसूमल म्हणाला, मावशी, ह्याला पीक नसतंय,
जीएसएम असतंय. हा साडेतीनशे, हा पाचशे.
आईनं दोन्ही तळव्यांवर तोलून बघितले,
पाचशेवाला परत ठेवला. ह्यो साडेचारशे बी न्हाई.
पेसूमलनं पंखा वाढवला.

एकतीस वर्षं इचलकरंजीत
आधी कांड्या भरल्या, मग कापड तपासलं.
काठ वाकडा गेला की मजुरीतनं पैसे जायचे.
आणि आता मी तिच्यापुढं धरलं
चारी बाजूंनी उघडं,
कडेला एक टाकाही नसलेलं कापड,
आणि म्हणालो, हेच सगळ्यात महाग.
तिनं ते उलटंपालटं केलं.
काठ न्हाई, मग हे संपतं कुठं?

मी चोवीस घेतले.

शिरोलीच्या शेडमध्ये जोतिराम चौगुल्यांची काळी गाडी.
कारखान्याचा हंगाम चालू, त्यात ही मळ्याकडेला लावलेली.
बॉयलरची काजळी टपावर बसते,
बोटानं पुसावी वाटते.
बोटानं पुसली की संपलं:
उन्हात दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं, तसं
गोल गोल, हजार ओरखडे.
काळा रंग कुणाचं काही लपवत नाही.

इंद्रजितला रोज सांगतो.
आधी पाणी. नुसतं पाणी. घाई न्हाई.
मग टॉवेल चौघडी घाल, आठ बाजू मिळतात,
एक मळली की पलट.
दाबू नकोस. ठेव, ओढ, उचल.
मऊ हाय म्हणून भुलू नकोस,
मऊ कापडातच खडा लपून बसतोय.
सुती बनियनबरोबर धुवायचं न्हाई,
कम्फर्ट घालायचं न्हाई, धागे गुळगुळीत होतात,
मग ते धूळ नुसती इकडनं तिकडं ढकलतात.
आणि खाली पडला की...
व्हय, टायरला, तो म्हणतो. तोंडपाठ आहे पोराला.

परवा पडला.
इंद्रजितनं झटकला, माझ्याकडं बघितलं,
मी फोनवर होतो,
आणि बॉनेटवरनं एक हात फिरवला.

वीतभर. एलईडीखाली केसाएवढी चांदीची रेघ.
त्याला बोललो नाही. पॅड लावला, पॉलिश घेतलं,
रेघ गेली, म्हणजे
तिच्या भोवतीचा रंग तिच्याएवढा खाली आणला.
चौगुल्यांना सांगितलं.
ते म्हणाले, मला तर काहीच दिसत न्हाई.
मला दिसतं, मी म्हटलं, आणि पाचशे कमी घेतले.

आई आता दुपारी शेडमध्ये येते.
नवा गठ्ठा आला की खुर्ची दारात ओढते,
ब्लेडनं लेबलं उसवते, एकेक टाका,
कात्री लावू देत नाही.
कापलं की बुडका राहतोय, म्हणते, बुडकाच टोचतोय.
मग ओठांवरनं कापड फिरवते
आणि दोनचार बाजूला फेकते.
का, ते सांगत नाही.
मी विचारत नाही. ते चाकांना जातात.

पडलेला तो राखाडी टॉवेल तिनं घरी नेला.
कापड टाकवत नाही तिला.
त्यानंच चष्मा पुसला,
आणि आता डाव्या काचेवर आडवी रेघ आहे.
बदलून देतो म्हटलं.
नको, म्हणाली.
बघताना मधी एक काठ येतोय,
बरं वाटतंय.