चौथी ब, दिवाळे गाव

सोमवारी भाविका म्हात्रेनं दीड ओळ लिहिली
आणि बोटं झाडली. "बाई, हात दुखतो."
दुखणारच. लिहायला काहीच नसेल तर
'लिहायला काही नाही' असंच लिही,
पण पाच मिनिटं पेन्सिल उचलायची नाही.

तिनं ते अकरा वेळा लिहिलं.
बाराव्यांदा: लिहायला काही नाही
आणि मग बाबा खाडीवरून आला
आणि मग चिंबोरी पिशवीतून सुटली
आणि मग काकी खाटेवर चढली

लाल पेन माझ्या हातात होतं.
एवढे 'आणि मग' कोणी लिहितं का?
टोपण लावून ठेवलं.

आज सात मिनिटं. मधली सुट्टी झाली,
वर्ग खिचडीकडे पळाला.
ती मनगट झटकते, दुसऱ्या हातानं दाबते,
पान उलटते.
चिंबोरी अजून सापडलेली नाही.