बहात्तर

एकतीस वर्षं बसले मी पोस्टाच्या खिडकीमागे,
ड्रमकीरन गावात. शुक्रवार म्हणजे पेन्शनचा वार.
वय बघायचं, चेहरा बघायचा, शिक्का मारायचा.
बार्टली फीनीला दोनदा परत पाठवलं होतं
जन्मतारखेतल्या एका आकड्यापायी.
सायकल ढकलत गेला, चढावर,
एक शब्द न बोलता.

आता वाचनालयाच्या पडद्यावर
शिरगणतीच्या जुन्या कागदांत शोधते आहे पणजीला.
ओनोरा मॅकपार्लंड. विधवा. लिहितावाचता येत नाही.
एकोणीसशे एक : वय छप्पन्न.
एकोणीसशे अकरा : वय बहात्तर.

पुन्हा वजाबाकी केली, बोटांवर.
दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारी झाली बाई.

मग ट्यूब पेटली. मधल्या काळात
सरकार सत्तरीच्या माणसांना देऊ लागलं होतं
आठवड्याला पाच शिलिंग.
जन्माचा दाखला कुणाकडे होता?
मोठ्या वादळाच्या रात्री छप्पर उडालं
तेव्हा मी आईच्या कडेवर होते, असं सांगितलं की झालं.
जन्मली असेल बटाटे कुजले त्या साली,
आणि आठवण सांगत होती त्याआधीच्या वाऱ्याची!

मी मोठ्यांदा हसले.
शेजारच्या पोराने कानातलं काढून बघितलं.

मग नजर उजवीकडे सरकली.
तो रकाना फक्त नवरा असलेल्या बायकांसाठी :
मुलं किती झाली, हयात किती.
हिला कुणी विचारलंच नव्हतं.
तरी हिने सांगितलं असणार, दारात उभं राहून,
आणि कुणीतरी लिहून घेतलं : नऊ. पाच.
नंतर गणनावाल्याने त्यावर लाल शाईची रेघ ओढली.
विधवेला लागू नाही.

नियम तो नियम. मीही तेच केलं असतं.

बहात्तर मात्र तसंच आहे, ठसठशीत,
कुणीही हात लावला नाही त्याला.
आणि चौघांची नावं
ना या कागदावर, ना त्या.

तळाशी तिची सही. एक फुली,
एक पाय आखूड, तिरकी पडलेली,
बाजूला दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात : हिची खूण.

कोणता आकडा होता रे बार्टली तो?
तीन की आठ? आठवत नाही.

रेघ बारीक आहे. खालचा नऊ नीट दिसतो.
मी तो गिरवत होते, वरून खाली, पुन्हा वरून,
तेवढ्यात ग्रंथपाल बाई हळूच येऊन म्हणाल्या,
पडद्याला बोट लावू नका, प्लीज.